शून्यसाहेबांनी नापास केलेली बाई

चौतीस वर्षं दुकानादुकानांतून वजनमापं तपासत हिंडलेल्या माणसाला निवृत्तीच्या दिवशी कोणीतरी सांगायला हवं होतं, की आता जग आपलंआपण तोललं जाईल, तुम्ही जरा टेका. कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी शून्यसाहेबांनी सांगणाऱ्याकडेच संशयानं पाहिलं असतं.

शून्यसाहेब हे त्यांचं बाजारातलं नाव. दुकानात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी शून्य दाखवा." रिकामा काटा शून्यावर उभा राहीपर्यंत पुढे एक अक्षर नाही. मग पारडं उचलून खालून बोट फिरवायचं, मेण चिकटवलंय का, लोहचुंबक दडवलंय का बघायचं. काही सापडलं तर साहेब खूश. काही नाही सापडलं तर मात्र त्यांची झोप उडायची. इतकं सगळं बरोबर कसं काय, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असा त्यांचा हिशेब. ही सवय घरी आल्यावर चपलांबरोबर दारात काढून ठेवावी ना? छे. मुलीच्या प्रगतिपुस्तकातल्या बेरजा ते स्वतः पुन्हा करायचे. एकदा खरंच तिला दोन गुण जास्त पडलेले निघाले, तर शाळेत जाऊन कमी करून आले. मुलगी आता दुसऱ्या गावी संसारात आहे, पण ते दोन गुण तिनं अजून माफ केलेले नाहीत.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणते, आपणही काकूच म्हणू. काकूंनी सव्वीस वर्षं वाचनालयात फाटक्या पुस्तकांची डागडुजी केली. सुटलेली पानं शिवायची, मोडलेले कणे खळ लावून सरळ करायचे. बोलणं बेताचं, हात मात्र कधी रिकामा नाही. त्याच काकूंना एका सकाळी चहाचा कप उचलता उचलता अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. चालणं महिन्याभरात काठीच्या आधारानं परतलं. जीभ जरा जड राहिली, शब्द थांबून थांबून यायचे. उजवा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "हातासाठी चांगला ऑक्युपेशनल थेरपिस्ट बघा. पहिले सहा महिने फार मोलाचे. जेवढं परत आणायचं तेवढं या काळात आणा. नंतरही फरक पडतो, पण वेग मंदावतो."

"म्हणजे व्यायाम घेणारा?" साहेबांनी विचारलं.

"नुसता व्यायाम नाही. बटण लावणं, घास उचलणं, केस विंचरणं, माणसाची रोजची कामं त्याला पुन्हा स्वतः करता यावीत म्हणून जो शिकवतो तो."

साहेबांच्या कपाळावर आठी चढली. बटण लावायला शिकवणारा माणूस? त्याचं प्रमाणपत्र कोण देतं, त्याची तपासणी कोण करतं, आणि मुख्य म्हणजे त्यानं शिकवलं की नाही हे मोजायचं कशानं? पण सहा महिने हा आकडा त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. मुलीनं फोनवर तीन नावं कळवली. म्हणाली, "बाबा, यांतलं कोणीही चालेल, तिन्ही चांगले आहेत म्हणतात. पण लवकर ठरवा."

"तिन्ही चांगले" हे ऐकताच साहेब सावध झाले.

आता दुसरा कोणी असता तर काकूंना घेऊन तिघांकडे गेला असता. साहेबांच्या खात्यात तशी पद्धत नव्हती. तपासनीस आलाय हे कळलं की प्रत्येक दुकानदार हरिश्चंद्र होतो. खरं काय ते बघायचं तर साधं गिऱ्हाईक बनून जावं लागतं. म्हणून साहेबांनी ठरवलं, आपणच पेशंट व्हायचं. दोन दिवस त्यांनी आरशासमोर उभं राहून उजवा हात लुळा धरायचा सराव केला. काकू पलंगावरून बघत होत्या.

"काय... करताय?" काकूंनी विचारलं.

"काही नाही गं. खांदा धरलाय."

पहिला थेरपिस्ट मोठ्या इमारतीत बसायचा. काचेचं दार, भिंतीला लागून लुकलुकत्या दिव्यांची यंत्रं, आणि पांढऱ्या कोटातला तो हसतमुख गृहस्थ. त्यानं साहेबांच्या हाताला हात लावायच्या आधीच चाळीस बैठकांचा कोर्स सांगितला. साहेब उठलेच. माल न पाहता भाव सांगणारा दुकानदार त्यांनी उभ्या आयुष्यात पास केला नव्हता.

दुसरा तरुण होता, घरोघरी जाऊन उपचार करायचा. मऊ बोलणं, स्वच्छ नखं, नोंदणी क्रमांक विचारल्यावर न चिडता काढून दाखवला. साहेबांना त्यात खोट सापडेना, तसा त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. त्यांनी त्याच्या जुन्या पेशंटांचे पत्ते काढले आणि पाच घरी जाऊन आले. पाचही जण एकच म्हणाले, "मुलगा फार चांगला आहे हो." साक्षीदार शब्दाला शब्द सारखं बोलायला लागले की पढवलेले असतात, हा साहेबांचा अनुभव. त्यांनी वहीत लिहिलं : प्रलंबित. या पाच घरांच्या चौकशीत तीन आठवडे गेले.

तिसरी बाई होती. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या. जिन्यात ग्रीसचा वास. वर गेलं तर टेबलांवर सगळा पोरखेळ मांडलेला. कपड्यांचे चिमटे, बाटल्यांची झाकणं, पट्ट्याची बक्कलं, वाटाण्यांनी भरलेलं घमेलं. यंत्र म्हणाल तर पकडीचा जोर मोजायचं एक जुनं, मुठीत दाबायचं. बाई पन्नाशीची, चष्मा डोक्यावर ढकललेला, कोटबिट काही नाही. तिनं आधी एक फॉर्म पुढे केला. "काका, रोजची कुठली कामं हातानं जमत नाहीत, तेवढी लिहा. घाई नाही. डाव्या हातानं लिहिलंत तरी चालेल."

साहेब फॉर्म घेऊन बसले, आणि इथेच घोळ झाला. हात लुळा धरायचं सोंग त्यांना साधलं होतं, पण कागदावर खोटं लिहायचं? चौतीस वर्षांत एक खोटी नोंद त्यांच्या हातून झाली नव्हती. पेन टेकवलं की हात आपोआप खरंच लिहायचा. त्यांनी लिहिलं, डाव्या हातानं, वाकड्या अक्षरांत, पण तपशीलवार. घास अर्ध्यावर सांडतो. टॉवेल पिळता येत नाही. पान उलटताना दोन पानं एकदम उलटतात आणि त्याचं वाईट वाटतं. वेणी घालता येत नाही.

बाईनं फॉर्म वाचला. मग साहेबांच्या डोक्याकडे पाहिलं. तिथे वेणी घालायचं म्हटलं तरी भांडवल नव्हतं.

तिनं त्यांना चिमटे उचलायला लावले, नाणं टेबलावरून उचलायला लावलं. साहेबांनी नाणं दोनदा पाडून दाखवलं. मग तिनं ते पकडीचं यंत्र त्यांच्या हातात दिलं, तशी साहेबांची नजर सवयीनं काट्यावर गेली. रिकामं यंत्र दोन किलो दाखवत होतं.

"शून्य नाही," साहेब म्हणाले. सोंगही विसरले, यंत्र चांगलं घट्ट धरून उजेडाकडे नेलं. "काटा शून्यावर नाही तुमचा."

"माहीत आहे. दोन वजा करते मी. मला आजचा हात कालच्यापेक्षा किती पुढे गेला ते बघायचं असतं." मग ती शांतपणे म्हणाली, "आणि काका, तुमचा हात ठणठणीत आहे. ज्यांचा नाही, त्यांना घेऊन या."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. साहेब कानकोंडे झाले, पण जिना उतरेपर्यंत त्यांना धीर देणारी एक गोष्ट सापडली होती. काटा दोन किलोनं चुकीचा, हे तिला माहीत आहे आणि तरी ती वापरते. माहीत नसतं तर निष्काळजीपणा झाला असता, माहीत असून म्हणजे तर गुन्हाच. वहीत शेरा पडला : नापास.

मग साहेबांनी दुसऱ्या थेरपिस्टची फेरचौकशी सुरू केली. काकूंना झटका येऊन तीन महिने होत आले होते. घरी ते काकूंचं सगळं करत होते, हे मात्र त्यांच्या नावावर लिहायलाच हवं. घास भरवायचे, बटणं लावायचे, वेडीवाकडी का होईना वेणी घालायचे. काकूंनी डावा हात पुढे केला तरी यांचा हात आधी पोचलेला असायचा. फक्त एक गोष्ट त्यांनी केली नाही. तिघांपैकी कोण हवं, हे काकूंना विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? तपासणी पूर्ण झाल्याशिवाय निकाल कसा सांगणार?

अशातच घरात काहीतरी शिजतंय असा वास साहेबांना येऊ लागला.

पहिल्यांदा दिसले ते चिमटे. दुपारी बाहेरून आले तर बादलीच्या काठावर सात चिमटे ओळीनं लावलेले. घरकाम करणाऱ्या मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मी कशाला लावू बादलीला चिमटे? बादली काय उडून जाणारेय?" मग खणात चमचा सापडला, दांड्याला फोमची नळी गुंडाळलेला, जाडजूड. काकूंना विचारलं तर त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. जीभ जड झाल्याचा हा एक फायदा त्यांनी अलीकडे हेरला होता. उत्तर द्यायचं नसलं की शब्द सापडत नसे.

पण खरा पुरावा टॉवेलचा. पूर्वी काकूंचा टॉवेल दोरीवर नुसता टपकत असायचा, एका हातानं पिळून पिळणार किती? त्या बुधवारी साहेबांनी हात लावला, तर टॉवेल चांगला पिळलेला. त्यांनी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, आधी शून्य पाहून. सहाशे चाळीस ग्रॅम. आठवड्यापूर्वीची नोंद होती नऊशे दहा. मावशी अकराला जातात. आपण चौकशीवरून चारला परततो. टॉवेल दुपारचा. म्हणजे अकरा ते चारमध्ये या घरात कोणीतरी येतं.

कोण? साहेबांच्या मनानं सगळ्या दिशांना घोडी सोडली. आयुर्वेदाच्या नावाखाली तेल विकणारा? आजारी बाई एकटी गाठून कागदावर अंगठा घेणारा? मुलीनं परस्पर पाठवलेलं कोणी? काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तिथे ग्रंथालयातली शांतता. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोवर नजर ठेवायची वेळ आली याची साहेबांना लाज वाटली, पण लाजेपेक्षा संशय वजनदार होता. आणि खरं सांगायचं तर त्याखाली भीती होती. ती आपल्यापासून काही लपवते आहे, ही भीती झटक्याच्या सकाळी वाटलेल्या भीतीपेक्षा फार वेगळी नव्हती.

शुक्रवारी ते मोठ्यानं म्हणाले, "मी बँकेत जाऊन येतो गं, उशीर होईल." कोपऱ्यापर्यंत गेले, केमिस्टच्या दुकानाआड चाळीस मिनिटं उभे राहिले आणि परत फिरले. आयुष्यात शेकड्यानं धाडी घातल्या, पण स्वतःच्या घरावर पहिलीच. किल्ली आवाज न करता फिरवली. दारात अनोळखी बायकी चपला. आतून हसण्याचा आवाज आला, आणि साहेब तिथेच थबकले. काकू हसत होत्या. चार महिन्यांत त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता, आणि ऐकला नाही हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

ते आत गेले. टेबलापाशी काकू बसल्या होत्या आणि समोर तीच, नापास बाई, चष्मा डोक्यावर. दोघींच्या मध्ये एक लाकडी फळी होती. फळीवर विजेचं बटण, कुलूप, नळाची चावी आणि एक कडी, सगळं स्क्रूनं बसवलेलं. काकूंची उजवी बोटं कडीवर होती. मेलेली, मांडीवर पडलेली, साहेबांनी रोज पुसून कोरडी केलेली बोटं. ती कडीच्या मुठीवर वाकली होती आणि थरथरत ढकलत होती.

"थांब, थांब, मी देतो सरकवून," साहेब पुढे झाले.

बाईनं नुसता तळवा वर केला. तिचे स्वतःचे दोन्ही हात त्याआधी मांडीवर होते, काकूंच्या हाताला तिचा स्पर्शही नव्हता. साहेब उभे राहिले. कडी अर्ध्यात अडकली, मागे आली, पुन्हा गेली. बराच वेळ लागला. मग ती खाचेत बसली.

"हे कधीपासून चाललंय?" साहेबांचा आवाज तपासनिसाचा लागला.

"पाच आठवडे," बाई म्हणाली. "फॉर्मवर तुम्ही घरचा नंबर दिला होतात, काका. खरा. मी फोन केला. वेणी घालता येत नाही ते कोणाला, एवढंच विचारायला."

साहेब काकूंकडे वळले. "आणि तू मला बोलली नाहीस?"

काकूंनी शब्द गोळा केले. "तुम्ही... वहीत हिला नापास केलंत. मी पास केली." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मला विचारलंच नाहीत. हात... माझा होता."

"अगं, पण मी तुझ्यासाठीच तर इतके दिवस..."

"सांगितलं असतं... तर रोज मोजलं असतंत."

टॉवेलचं वजन साहेबांच्या खिशातल्या वहीत होतं. ते खुर्चीत बसले. सगळ्या गावाला वळसा घालून आले होते आणि कळसा काखेत होता. चार महिन्यांपैकी दोन महिने त्यांनी माणसं तपासण्यात घालवले होते. या बाईनं तो फोन केला नसता, तर सहा महिन्यांतले उरलेलेही घालवले असते. हे त्यांना कोणी म्हटलं नाही. त्यांचं त्यांनाच कळलं.

काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी फळीकडे बोट दाखवलं. "पण कडीच का? चमचा, पेन, सुई, इतकं सगळं सोडून? हिचा हात पुस्तकं शिवणारा आहे."

"मी त्यांना पहिल्याच दिवशी विचारलं, या हातानं सगळ्यात आधी काय करायचंय," बाई म्हणाली. "सुई त्यांनी चौथी सांगितली."

"पहिलं काय?"

बाईनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली, मग वर केली. "बाथरूमची कडी."

ती कडी साहेबांनी स्वतः उतरवली होती. काकू घरी आल्या त्याच दिवशी, चारही स्क्रू काढून. आत पडली आणि दार उघडता आलं नाही तर काय करायचं? तेव्हापासून काकू आंघोळ करायच्या आणि साहेब दार अर्धं उघडं ठेवून उंबऱ्याशी उभे राहायचे, तोंड भिंतीकडे करून. आपण भिंतीकडे बघतो, म्हणजे झालं, असं त्यांना वाटायचं. चाळीस वर्षांत काकूंनी सख्ख्या बहिणीसमोर कधी पदर ढळू दिला नव्हता. त्या रोज उघड्या दारात बसून आंघोळ करत होत्या, आणि साहेबांना ते कुठल्याही काट्यावर दिसलं नव्हतं.

"पडलीस तर?" ते हळूच म्हणाले.

"पडेन," काकू म्हणाल्या. "पण दार... लावून पडेन."

बाई म्हणाली, "पडू नयेत याची सोय करता येते, काका. बसायच्या जागेशेजारी धरायला दांडा लावू, खाली रबरी चटई टाकू. आणि बाहेरून नाण्यानं फिरवून उघडता येते अशी कडी मिळते. तशी लावा. मात्र गरजेशिवाय नाणं लावायचं नाही."

दांडा लावायला गवंडी आला. कडी साहेबांनी स्वतः आणली. दुकानदाराला नऊ कड्या काढायला लावल्या, प्रत्येक वीसवीसदा सरकवून पाहिली, आणि सगळ्यात हलकी चालणारी घेतली. दुकानदार मनात काय म्हणाला ते सोडा. संध्याकाळी दारावर बसवली.

सकाळी काकू टॉवेल घेऊन आत गेल्या. दार लागलं. साहेब बाहेर उभे. कडी लागल्याचा आवाज आला नाही, नुसतं धातूवर धातू घासल्याचं ऐकू आलं. एकदा. मग पुन्हा. मग काहीतरी खाली पडलं, बहुधा काठी. साहेबांचा हात दाराकडे गेला, दुसऱ्या हातात नाणं होतं.

"अहो," आतून आवाज आला.

"काय गं? उघडू?"

"फटीतून... सावली दिसते तुमची. जा तिकडे."

साहेब स्वयंपाकघरात गेले आणि खुर्चीवर बसले. तिथे बसल्यावर त्यांना कडी खाचेत बसल्याचा आवाज आला. पाणी पडायला लागलं, मग थांबलं. त्यानंतर बराच वेळ आतून काहीच ऐकू आलं नाही, आणि साहेब उठले नाहीत.